गार्डभाऊंचा तीन अध्यायांचा योना

बायबलमधलं योनाचं पुस्तक चार अध्यायांचं आहे. गार्डभाऊंच्या हातात ते तीनच अध्यायांचं होतं. दर रविवारी उपासना संपली की आम्हा नऊ तरुण मुलामुलींना ते मागच्या दोन बाकांवर बसवून घेत आणि वर्षातून एकदा हमखास योना काढत. पहिल्या अध्यायाला तीन रविवार, दुसऱ्याला एक, तिसऱ्याला दोन. तिसरा संपला की चष्मा डबीत ठेवत आणि म्हणत, "पुढलं घरी वाचा." घरी कोण वाचतं? सलग चार वर्षं देवाचा निरोप घेऊन निघालेला आमचा योना रडतकढत निनवे शहराला पोचला, निनवेच्या लोकांनी पश्चात्ताप केला, देवाने त्यांना माफ केलं, आणि गोष्ट तिथेच आटोपली.

चामोर्शीच्या अलीकडे, तळ्याच्या काठी आमचं गाव. त्यात ख्रिस्ती घरं अकरा. पाळक महिन्यातून एकदा चंद्रपूरहून यायचे, बाकीचे रविवार आमचे आम्हीच निभवायचो. गार्डभाऊ वनखात्यातून निवृत्त झालेले. नोकरी सुटली तरी नावाला चिकटलेला गार्ड काही सुटला नाही. त्यांना वर्ग घ्यायला सांगितलं तेव्हा त्यांनी तीनदा नकार दिला होता. "मले बोलता येत नाई. मी झाडाशी बोलणारा माणूस," असं म्हणाले होते. चौथ्यांदा पाळकांनी विचारलंच नाही, सरळ चर्चची किल्ली हातात दिली.

त्यांच्या चालण्याची आम्ही खूप नक्कल करायचो. हात पाठीमागे, मान खाली, नजर पायांपुढच्या चार हातांवर. सगळी हयात जमिनीवरचे ठसे वाचण्यात गेलेली. आमच्यातला प्रकाश एकदा वर्गाला उशिरा आला आणि आई आजारी होती असं म्हणाला. गार्डभाऊंनी त्याच्या चपलांकडे पाहिलं आणि विचारलं, "मरळ भेटली का रोहू?" तळ्याच्या पाळीवरची, म्हणजे बांधावरची, तांबडी माती त्याच्या टाचेला होती. प्रकाश त्यानंतर खोटं बोलला नाही असं नाही, पण चपला पुसून यायला लागला. गार्डभाऊ त्यावर एवढंच म्हणाले, "जमीन खोटं बोलत नाई. माणूस बोलते." हे वाक्य त्यांच्या तोंडी नेहमी असायचं आणि ते म्हणताना त्यांचा चेहरा थोडा आक्रसायचा. तेव्हा मला त्याचं कारण ठाऊक नव्हतं.

योना शिकवावा तर त्यांनीच. समुद्रात फेकलेल्या योनाला गिळून परत किनाऱ्यावर सोडणाऱ्या माशाची गोष्ट ऐकायला आम्ही उतावीळ, आणि ते माशाला एका वाक्यात उरकणार. "मासा म्हणजे योनाची बस परत फिरली, दुसरं का?" त्यांचा जीव अडकलेला असायचा बंदरावरच्या त्या जहाजात. देवाने पूर्वेला जायला सांगितलं, हा पश्चिमेला निघाला, आणि बंदरावर पोचतो तर जहाज तयारच उभं. "ध्यानात ठेवा," ते म्हणत, "पळणाऱ्याले बस लगेच भेटते. जाणाऱ्याले ताटकळावं लागते. म्हून बस भेटली म्हणजे देवाची मर्जी हाय, असं समजू नोका." आज मी राजुऱ्याला शाळेत शिकवते. नोकरीत, लग्नात, भांडणात जिथे जिथे मला सोपी वाट पटकन मिळाली, तिथे तिथे हे वाक्य कानात वाजलंय. काही वेळा मी तरीही चढले. ते जाऊ द्या.

दुसरं त्यांचं आवडतं ठिकाण म्हणजे जहाजावरचे खलाशी. वादळ आलं तेव्हा ते आपापल्या देवाला हाका मारत होते, माल समुद्रात टाकत होते, आणि एकटा योना खाली घोरत पडला होता. गार्डभाऊ बोट उगारून विचारत, "बोटीत खरा देव माहीत असलेला माणूस कोण?" आम्ही म्हणायचो, योना. "अन् झोपला कोण?" योना. "अन् त्याले पाण्यात टाकायच्या आधी हात जोडले कोणी?" खलाशांनी. मग ते आमच्याकडे अशा नजरेने पाहत की बाकावर बसणं कठीण व्हावं. अकरा घरांची आमची मंडळी, पण आपण गावातल्या बाकीच्यांपेक्षा चार अंगुळं वर आहोत अशी एक सुप्त खुशी आमच्यात असायची. ती गार्डभाऊंनी योनाच्या पहिल्या अध्यायातच झाडून काढली.

हे सगळं इतकं रंगवून सांगणारा माणूस चौथ्या अध्यायाला का घाबरतो, हे कोडं मला आईने सोडवून दिलं.

तळ्याच्या पलीकडे एक गाव आहे. गार्डभाऊ त्याचं नाव घेत नसत, 'पल्याड' म्हणत. मीही इथे तसंच म्हणते. नोकरीत असताना पल्याडचं जंगल त्यांच्याकडे होतं. तिथला मारोती, तळ्यात जाळं टाकणारा, घरची थोडी धानशेती असलेला. त्याच्या भावाची सागवानाने भरलेली बैलगाडी गार्डभाऊंनी धरली होती. पुढच्याच वर्षी तळ्याकाठी चोरट्या लाकडांचा ढीग सापडला. गार्ड पैसे घेऊन लाकूड सोडतो, असं पल्याडच्या पाच जणांनी चौकशीत सांगितलं. पहिला अंगठा मारोतीचा. गार्डभाऊ सस्पेंड झाले. दीड वर्षाने निर्दोष सुटले, पण तोवर मार्थाबाई, त्यांची बायको, वारली होती. सुटल्यावर ते पल्याडला कधीच गेले नाहीत. पाळीवरून, पल्याडमधून पायी गेलं तर चामोर्शी जवळ, पण ते दुसऱ्या अंगाने सगळ्या तळ्याला वळसा घालून जायचे.

"त्याच्या मनातून ते गाव अजून सुटलं नाई," आई म्हणाली. "आता समजलं ना चौथा अध्याय?" मी त्या दिवशी तो पहिल्यांदा नीट वाचला. निनवेला, आपल्या लोकांच्या शत्रूच्या शहराला, देवाने माफ केलं म्हणून योना रागाने लाल होतो, गावाबाहेर जाऊन बसतो, आणि आता तरी या गावाचं काहीतरी होतं का ते बघत राहतो. मी पुस्तक मिटलं. गार्डभाऊंना त्याबद्दल विचारायची माझी हिंमत नव्हती.

मी गडचिरोलीला कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते, तेव्हाची गोष्ट. मार्च महिना. मोह पडायला लागला होता. आमच्या भागात मोहाची फुलं पहाटे गळतात, आणि अंधार असतानाच बाया टोपल्या घेऊन झाडाखाली जातात. प्रत्येक झाड कुणाचं हे ठरलेलं असतं. त्याला सातबारा लागत नाही. आजीचं झाड आईकडे येतं, आईचं सुनेकडे. दुसऱ्याच्या झाडाखालचं एक फूल कोणी उचलत नाही. वाकून वेचणारी बाई वाघाला माणूस वाटत नाही, हेही आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. दरवर्षी कुठून ना कुठून बातमी येतेच.

सुटीत घरी आले होते. दुपारी जंगलाच्या वाटेवर गार्डभाऊ एका जागी खिळून उभे दिसले. मला त्यांनी हाताने थांबवलं आणि जमीन दाखवली. धुळीत एक रुंद पाऊल, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना मांजरापेक्षा थोडी मोठी, भरभर पडलेली पावलं.

"वाघीण हाय. दोन पिल्लं घेऊन," ते म्हणाले. "सकाळीच गेली. पल्याडच्या मोहाकडं."

"कोणाच्या मोहाकडं?"

तिथलं झाडन् झाड त्यांच्या पायाखालचं होतं. "ही वाट मारोतीच्या झाडाखाली जाते. त्याची बायको एकटी येते वेचाले."

गावात येऊन त्यांनी वनखात्याच्या ऑफिसला फोन लावला. उद्या दहाला माणसं पाठवतो, असं उत्तर मिळालं. दहापर्यंत बाया वेचून घरी आलेल्या असतात. मी म्हटलं, माझ्या वर्गात पल्याडची एक मुलगी आहे, तिला फोन करते. ते म्हणाले, "कॉलेजच्या पोरीनं फोनवर वाघीण सांगतली तं कोण आयकीन? पावलं पाहणाऱ्यानंच जाऊन सांगाव लागते." आणि एवढं बोलून ते तिथेच बसून राहिले.

चारची चामोर्शीची बस आली. गार्डभाऊ उठले आणि तिच्यात चढले.

मी स्टॉपवर उभी. मला त्यांचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. चार वर्षं आम्हाला बसबद्दल सांगणारा माणूस! मी घरी जायला वळले, पण पाय उचलेना. अर्ध्या तासाने सडकेवरून कोणीतरी चालत येताना दिसलं. हात पाठीमागे, मान खाली.

"नाक्यावर उतरलो," ते म्हणाले. "कंडक्टरनं इचारलं, कुठलं तिकीट देऊ? मले सांगताच आलं नाई." मग म्हणाले, "तू चाल माझ्यासंग. एकट्यानं त्या गावात पाय ठेवाची हिंमत नाई मले."

आम्ही पाळीवरून गेलो, जवळच्या वाटेने. पल्याडच्या चौकात कडुनिंबाखाली माणसं बसली होती. मारोती जाळं विणत होता. गार्डभाऊंना पाहून त्याचा हात थांबला. कोणी या म्हटलं नाही, कोणी बसा म्हटलं नाही. गार्डभाऊ उभ्याउभ्याच म्हणाले, "तुमच्या मोहाखाली वाघीण हाय. दोन पिल्लं हायेत. चार दिवस कोणी वेचाले जाऊ नोका." बस, एवढंच. वळले आणि चालू लागले. योनाने निनवेला यापेक्षा जास्त काही सांगितलं नव्हतं.

मागून मारोतीच्या आईचा आवाज आला. ऐंशीच्या घरातली बाई. "अन् मोह वाया जाईन त्याचं का?"

"मोह पुढल्या वर्षी बी पडते, बाई," गार्डभाऊ न थांबता म्हणाले.

आम्ही पाळीवर पोचलो तोवर कोतवालाच्या दवंडीचा आवाज सुरू झाला होता. पल्याडने ऐकलं होतं. मला नवल वाटलं, पण त्यात नवल कसलं? हा माणूस खोटं बोलत नाही हे त्या गावाइतकं कोणाला ठाऊक होतं? खोटं कोण बोललं होतं ते त्यांनाच तर माहीत होतं.

दुसऱ्या पहाटे एकही बाई जंगलात गेली नाही. दहाला खात्याची माणसं आली, ठसे खरे आहेत म्हणून सांगून गेली. मग काहीच झालं नाही. दुसरा दिवस गेला, तिसरा गेला. जो मोह विकून घरात मीठमिरची यायची, तो रानडुकरं खाऊ लागली. वाघीण कोणाला दिसली नाही, कोणाचं वासरू गेलं नाही. पल्याडची टवाळ पोरं तळ्यापलीकडून ओरडू लागली, "गार्डभाऊ, तुमची वाघीण कुठी गेली?" गार्डभाऊ रोज दुपारी पाळीवर, पानं झडलेल्या पळसाखाली, पल्याडकडे तोंड करून बसत. ऊन डोक्यावर. मी ताक घेऊन गेले तर म्हणाले, "ठेव अन् जाय." इतका रागावलेला माणूस मी पाहिला नव्हता. मला वाटलं, लोक हसतात म्हणून रागावलेत.

चौथ्या दिवशी रविवार होता. वर्गात त्यांनी पुस्तक उघडलं आणि आम्हाला म्हणाले, "योना काढा. चौथा अध्याय." आम्ही एकमेकांकडे पाहिलं. त्यांनी तो स्वतः वाचला, सावकाश. योनाचा राग, डोक्यावर सावली धरणारी वेल, तिला लागलेली कीड, आणि मग देवाचा तो प्रश्न: ज्या वेलीसाठी तू बोटही हलवलं नाहीस तिच्यासाठी तुझा जीव तुटतो, तर या एवढ्या मोठ्या गावाची, यातल्या अजाण माणसांची आणि गुराढोरांची मला दया येऊ नये काय? पुस्तक तिथेच संपतं. योनाने काय उत्तर दिलं ते लिहिलेलं नाही.

"मी चार दिवस पाळीवर काऊन बसलो होतो, सांगू का?" ते म्हणाले. "वाघीण येते का, ते पाहून राह्यलो होतो. मनात म्हटलं, देवा, माणूस नोको, पण एखादी बकरी तरी उचलू दे त्याइची. म्हणजे त्याइले समजीन, गार्ड खरा होता." पुस्तक मिटून ते पुढे म्हणाले, "माह्या तोंडून देवानं चांगलं काम करून घेतलं अन् मी ते बिघडाची वाट पाहत होतो. मार्था गेली तवा मी चोर होतो, पोराइनो. लोकाइच्या नजरेत चोर. ते मले त्या गावाले माफ करू देत नाई."

मग त्यांनी डोळे पुसले, अजिबात न लपवता. पुढचं त्यांनी सांगितलं ते मी माझ्या वर्गातल्या मुलांना अजून सांगते. देवाची दया आपल्या दुश्मनाच्या घरी उतरली की ती आपल्याला आपल्याच घरातून चोरीला गेल्यासारखी वाटते, पण ती कधी आपली नव्हतीच. काहीच झालं नाही, हाच चमत्कार. आणि निरोप सांगून झाला म्हणजे काम संपलं, असं नाही. "योना निरोप सांगून बाहेर जाऊन बसला. तितंच चुकला. त्यानं आत राहाले पायजे होतं." ते उठले. "वाघीण सरकली का नाई ते उद्या उजाडल्यावर मी पाहतो. सरकली असली तं त्याइच्या बाया घेऊन मी मोहाले जातो. ज्याले याचं त्यानं याव."

आम्ही नऊच्या नऊ गेलो. आमच्या आयांनी जीव मुठीत धरून पाठवलं. वाघीण सरकल्याचं गार्डभाऊ उजाडताच पाहून आले, आणि सूर्य वर आल्यावर पल्याडच्या चौकात तीस-पस्तीस बाया टोपल्या घेऊन जमल्या. पुरुषांच्या हातात पत्र्याचे डबे, काठ्या. गार्डभाऊ सगळ्यांच्या पुढे, नजर जमिनीवर. डबे वाजत होते, बाया मुद्दाम मोठमोठ्याने बोलत होत्या, आणि आम्ही गीतं म्हणत होतो. आमची गीतं संपली की पल्याडच्या बायांनी त्यांची सुरू करायची. असा कल्लोळ त्या जंगलाने कधी ऐकला नसेल.

मारोतीच्या झाडाखाली गार्डभाऊ थांबले. फुलांचा सडा पडला होता आणि त्यात पिल्लांची पावलं गोल गोल फिरली होती, जणू तिथे खेळच मांडला होता. बुंध्यामागे गवत दबून चटईसारखं झालेलं. वाघीण इथे दोन दिवस तरी बसून होती, आणि आता उत्तरेला निघून गेली होती. त्यांनी ते सगळं मारोतीला बोटाने दाखवलं. मारोतीने पाहिलं, मग झाडाकडे पाहिलं, मग बायकोकडे.

"तुमाले ठाऊक होतं हे झाड आमचं हाय म्हून?" त्याने विचारलं.

"पयल्या दिवसापासून."

"तरी बी आले?"

"पयले बसमंदी चढलो होतो," गार्डभाऊ म्हणाले. "खोटं कायले सांगू." आणि ते हसले. मोठ्याने, पोट धरून. इतक्या वर्षांत मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं. मग टोपली मागून घेतली आणि मारोतीच्या बायकोच्या शेजारी वाकून मोह वेचायला लागले. तिकडे वाघीणही जिवंत, पिल्लंही जिवंत. माणूस गेलं असतं तर त्यांच्यामागे पिंजरे आणि बंदुका लागल्या असत्या. परतताना ते मला म्हणाले, "देवानं निनवेतली जनावरं बी धरली होती हिशोबात. आज समजलं."

पुढे पाच मोसम त्यांनी पल्याडच्या बायांना मोहाला नेलं. कधी मागे फिरवलं, कधी दोन दिवस घरी बसवलं. पल्याडच्या एकाही बाईचा मोहाखाली जीव गेला नाही. वळशाची वाट त्यांनी सोडून दिली. मारोतीच्या ओसरीवर चहा घेऊनच चामोर्शीला जायचे. जुन्या गोष्टीचं मात्र दोघंही काही बोलत नसत. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "म्या माफ केलं. त्यानं बोलाव का नाई, ते त्याचं अन् देवाचं."

धानाची कापणी आटोपली त्या आठवड्यात गार्डभाऊ गेले, खुर्चीत बसल्याबसल्या, कोणाला त्रास न देता. मी राजुऱ्याहून पोचले तेव्हा आमच्या चर्चमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. पल्याड सगळं आलं होतं, आणि बायाही आल्या होत्या, ज्या त्यांच्या रिवाजाने कधी स्मशानात येत नाहीत. मार्थाबाईंच्या कबरीला लागून खड्डा खणला होता. तो पल्याडच्या माणसांनी खणला होता. पाळकांनी प्रार्थना केली, पेटी खाली उतरली, आम्ही एकेक मूठ माती टाकली. मारोतीने आम्हाला पाहून तशीच मूठ टाकली. पण तो मागे सरकला नाही. तो शेजारच्या जुन्या कबरीकडे वळला, टोपी काढली, आणि दोन्ही गावांना ऐकू जाईल इतक्या मोठ्या आवाजात बोलला.

"मार्थाबाई, तुमचा माणूस चोर नोता. आमी खोटं बोललो होतो."